मरीन टँकचं पाणी फरशीवर येऊ नये म्हणून: मोजमापापासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत

मरीन टँकची, म्हणजे समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकची, काच फुटून घरात पाणी झालं, असं फार क्वचित होतं. पाणी फरशीवर येतं ते वीज गेल्यावर, ड्रेन (टँकचं पाणी खाली नेणारा पाइप) तुंबल्यावर, एटीओचा (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकल्यावर किंवा आरओचा नळ चालू राहिल्यावर. या चारही गोष्टींचा अंदाज आधी घेता येतो. तरी चुका त्याच चार ठिकाणी होतात, कारण टँक लावताना सगळं लक्ष लाइट, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि रॉककडे असतं. पाण्याचा हिशेब करायला कुणी बसत नाही.

पहिल्यापासून एक गोष्ट धरून चला. घर वाचवते ती सम्पमधली, म्हणजे टँकखालच्या पंप आणि स्किमरच्या टाकीमधली, आणि टँकच्या काठाखालची रिकामी जागा. चेक व्हॉल्व्ह, सेन्सर, अलार्म ही सगळी त्यानंतरची मदत. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला तर हे जास्तच लागू आहे. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी खालच्या घराच्या छतावर उमटतं, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांना गंज लावतं. गोड्या पाण्याची गळती वाळून जाते, मीठ मात्र तिथेच राहतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. उदाहरणासाठी १२० बाय ६० सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा ४ बाय २ फुटी टँक आणि त्याखाली ९० बाय ४० सेंटीमीटरचा, ४० सेंटीमीटर उंच सम्प धरला आहे. तुमची मापं वेगळी असतील, रीत तीच.

## टप्पा १: तयारी

लागणारं सामान: मापपट्टी, काचेवर लिहिणारा मार्कर, गवंड्याकडची लेव्हल, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजायला), दोन बादल्या, जुने टॉवेल आणि मदतीला एक माणूस.

आधी टँक लेव्हलमध्ये आहे का बघा. लांबीत एक सेंटीमीटरचा उतार असेल, तर एका टोकाला पाणी काठाच्या तेवढंच जवळ असतं. सगळा हिशेब त्या खालच्या टोकाचा धरावा लागतो. नवा टँक लावत असाल तर पाणी भरण्याआधीच उतार काढून घ्या. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकायला जाऊ नका.

स्टँड अजून व्हायचं असेल तर सुताराला ७१० ग्रेडचा मरीन प्लाय सांगा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ओल लागली की फुगतात, आणि सम्पखालची पाटी फुगली तर सम्पच वाकडा बसतो. सम्पखाली कडा वर असलेला ट्रेही आत्ताच बसवून घ्या, नंतर तो सरकवता येत नाही.

## टप्पा २: वीज गेल्यावर किती पाणी खाली येतं

रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये परत पाठवणारा पंप, थांबला की दोन ठिकाणचं पाणी सम्पमध्ये उतरतं. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकचं जादा पाणी ड्रेनमध्ये सोडणाऱ्या बॉक्सच्या, दात्यांवरून वाहणारं पाणी येतं, आणि रिटर्नच्या नोझलमधून उलटा सायफन सुरू होऊन पाणी येतं. दुसरं जास्त धोक्याचं. नोझलचं तोंड पाण्याच्या बाहेर येऊन हवा ओढेपर्यंत तो सायफन थांबत नाही.

आकडेमोड अशी. १२० गुणिले ६० म्हणजे ७,२०० चौरस सेंटीमीटर. म्हणून टँकमधलं दर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. नोझलचं तोंड पृष्ठभागाखाली ५ सेंटीमीटरवर असेल तर ३६ लिटर खाली येणार. पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी त्यात मिळवा, समजा ९ लिटर. झाले ४५. सम्पचं क्षेत्रफळ ३,६०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे सम्पमधलं पाणी साडेबारा सेंटीमीटर चढणार.

४० सेंटीमीटरच्या सम्पमध्ये वर थोडी जागा सोडली तर चालू स्थितीतलं पाणी २५ सेंटीमीटरच्या वर नको. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. फ्लो वाढावा म्हणून नोझल खाली वळवलेलं असतं आणि सम्प मात्र बॅफलच्याही (कप्पे पाडणाऱ्या काचांच्याही) वर भरलेला असतो.

सावधान: हा हिशेब कायम नोझलच्या तोंडापासून करा. सायफन तोडणाऱ्या छिद्रापासून (टप्पा ५) करू नका. छिद्र शेवाळाने किंवा कोरलाइनने (दगडासारख्या कडक शेवाळाने) बुजतं, त्याच्या भरवशावर लिटर कमी धरायचे नाहीत.

## टप्पा ३: ड्रेन तुंबल्यावर किती पाणी वर जातं

हा उलट दिशेचा हिशेब जवळपास कुणीच करत नाही. ड्रेन बंद झाला आणि पंप चालूच राहिला, तर रिटर्न कप्प्यातलं, म्हणजे सम्पमध्ये रिटर्न पंप असतो त्या कप्प्यातलं, सगळं पाणी वर जातं. रिटर्न कप्पा ३० बाय ४० चा आणि पंपाच्या तोंडावर १५ सेंटीमीटर पाणी असेल, तर ते १८ लिटर होतं. १८ भागिले ७.२ म्हणजे अडीच सेंटीमीटर. टँकच्या चालू पातळीपासून काठापर्यंत निदान तेवढी जागा हवी. म्हणजे पंप कोरडा पडेल, पण काठावरून थेंब जाणार नाही.

आता खरी गोम बघा. रिटर्न कप्पा रिकामा होतोय हे एटीओच्या सेन्सरला दिसतं, आणि पाणी उडून गेलं असं समजून तो भरत सुटतो. त्याने ओतलेलं गोडं पाणीही पंप वरच पाठवतो. एटीओच्या कॅनमध्ये २० लिटर असतील तर टँकमध्ये आणखी पावणेतीन सेंटीमीटर. दोन्ही मिळून सव्वापाच. रिमलेस (वर पट्टी नसलेल्या) टँकमध्ये एवढी जागा कुणी ठेवत नाही. वर क्षारताही (पाण्याच्या हजार भागांत मीठ किती) उतरते. ३०० लिटरच्या सिस्टीममध्ये २० लिटर गोडं पाणी पडलं तर ३५ वरून ती ३३ च्या खाली येते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा: रिटर्न कप्पा लहान ठेवा, आणि एटीओचा कॅनही लहान ठेवा. मोठा कॅन म्हणजे आठवडाभराची निश्चिंती असं वाटतं खरं, पण बिघाडाच्या दिवशी तेवढंच जास्त पाणी फरशीवर येतं.

तपासणी: दोन्ही आकडे, म्हणजे सम्पची सर्वात वरची सुरक्षित रेघ आणि टँकची सर्वात वरची सुरक्षित रेघ, मार्करने काचेवर आखा. पाणी बदलताना घरातल्या कुणालाही ती रेघ दिसली पाहिजे.

## टप्पा ४: ड्रेन

एकच ड्रेन पाइप असलेला टँक घेऊ नका. घेतला असेल तर दुसरं भोक पाडून घेण्याचा विचार गांभीर्याने करा. साध्या काचेला डायमंड बिटने भोक पडतं. टफन्ड काचेला पडत नाही, ती क्षणात चुरा होते. म्हणून काच कोणती आहे याची खात्री झाल्याशिवाय ड्रिल लावू द्यायचं नाही, कामगार कितीही अनुभवी असो.

दोन पाइपांची रचना अशी असते. पहिला मुख्य, पूर्ण पाण्याने भरून आवाज न करता वाहणारा. त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह असतो. बॉल व्हॉल्व्हने बारीक फरक करता येत नाही. दुसरा आणीबाणीचा, थोडा उंच. आणीबाणीच्या पाइपवर व्हॉल्व्ह नको आणि तोंडावर बारीक जाळीही नको. आवाज कमी करायला म्हणून तिथे स्पंज किंवा जाळी घातलेली असते, आणि अडचणीच्या वेळी तीच तुंबते.

मुख्य पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडालेलं असावं, जास्त नाही. खोल बुडालं तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही, आणि टँक भरत जातो. आणीबाणीच्या पाइपचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी पडायला लागलं की खळखळाट होतो आणि मुख्य पाइपमध्ये काहीतरी अडकलंय हे बाहेरच्या खोलीतही कळतं.

अडकतं काय? गोगलगायी सर्वात जास्त. मग शेवाळाचा तुटलेला गुच्छ, मेलेला मासा, जागा सोडून फिरणारा अॅनेमोन. ओव्हरफ्लोचे दाते दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने घासायचे आणि बॉक्समध्ये टॉर्च मारून बघायचं. एक गोगलगाय पाइपच्या तोंडाशी चिकटलेली दिसली तरी तो आठवडा सत्कारणी लागला.

भाड्याच्या घरात भोक नसलेल्या टँकला मागे लटकवायचा यू-ट्यूबवाला ओव्हरफ्लो बॉक्स लावतात. मी तो कुणालाच सुचवत नाही. ट्यूबमध्ये बुडबुडे साठले की सायफन तुटतो आणि पंप मात्र चालूच राहतो. भोक पाडायचंच नसेल तर सम्पशिवायचा, मागे लटकणाऱ्या स्किमरचा साधा टँक ठेवा.

टँक निपल (काचेच्या भोकात पाइप जोडणारा तुकडा) बसवताना रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे निपलच्या चकतीखाली आला पाहिजे. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बास. पाना लावून आवळलं की काचेला तडा जातो.

## टप्पा ५: रिटर्न

नोझल जितकं वर, तितकं घर सुरक्षित. पृष्ठभागाखाली दोन सेंटीमीटरवर आणलं तरी टप्पा दोनमधले ३६ लिटर साडेचौदावर येतात. खालचा प्रवाह हवा असेल तर ते काम वेव्हमेकरचं, म्हणजे टँकमध्येच पाणी हलवणाऱ्या पंपाचं.

नोझलच्या मागे, पाण्याच्या रेघेच्या किंचित खाली, ५-६ मिलिमीटरचं छिद्र पाडा. दर महिन्याला ते टूथपिकने मोकळं करा. चेक व्हॉल्व्ह लावायचा तर खुशाल लावा, पण हिशेबात तो नाही असंच धरा. मिठाचा खडा किंवा एखादी छोटी गोगलगाय झडपेत बसली तरी तो उघडा राहतो.

## टप्पा ६: एटीओ

हा टप्पा घाईत उरकू नका.

- एटीओच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्याच्या वर, हवेत ठेवा. वीज गेल्यावर चढलेल्या पातळीच्याही वर. कॅनमधलं पाणी नळीच्या टोकापेक्षा उंच राहिलं, तर पंप थांबल्यावरही सायफनने कॅन रिकामा होत राहतो.
- कॅन जमिनीवरच ठेवा. सम्पच्या बाजूला स्टुलावर ठेवण्याची सवय मोडा.
- सेन्सर दोन हवेत: एक रोजचा, दुसरा त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, पंप बंद करणारा. फ्लोट स्विचवर गोगलगाय चढते, म्हणून त्याला जाळीचं कुंपण करा. ऑप्टिकल सेन्सरला बुडबुडे, शेवाळ आणि साचलेलं मीठ फसवतात. दर पंधरवड्याला दोन्ही पुसा.
- रोज किती पाणी उडतं हे एक आठवडा मोजा. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा आकडा खाली येतो आणि मे महिन्यात पंखा लावला की वर जातो. एकदा आकडा कळला की पंपाला वेळेची मर्यादा घाला, म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा फार जास्त पाणी तो ओतूच शकणार नाही.

तपासणी: फ्लोट हाताने खाली दाबून धरा. मर्यादेनंतर पंप आपोआप थांबला पाहिजे. मग वरचा सेन्सर उचला, तोही थांबला पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तरी एटीओ बंद ठेवून रोज हाताने पाणी घाला.

## टप्पा ७: आरओ आणि पाणी बदल

टँक व्यवस्थित आणि घर मात्र आरओच्या पाण्याने भिजलेलं, असं वारंवार घडतं. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं. नळ उघडावा, पाणी गेलेलं असावं, ड्रम अर्धा असतानाच आपण झोपावं आणि मध्यरात्री पाणी पुन्हा सुटावं, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे.

ड्रम बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत, नाहणी ट्रॅपजवळ ठेवा. मग तो ओसंडला तरी पाणी गटारात जातं. ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह आणि आरओला ऑटो शटऑफ, दोन्ही लावा. एकट्या फ्लोट व्हॉल्व्हने शुद्ध पाणी थांबतं, पण वाया जाणारं पाणी वाहतच राहतं. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी भिंतीला क्लिपने बांधा. बेसिनच्या काठावर नुसती टाकलेली नळी दाबाने निसटते. वरच्या मजल्यांवर दाब कमी म्हणून बूस्टर पंप लावलेला असेल तर त्याला टायमरशिवाय चालवू नका.

पाणी बदलताना मिठाच्या ड्रममधला पंप टँकमध्ये पाणी टाकत असतो. तो बंद केला आणि नळीचं टोक टँकमध्ये बुडालेलं राहिलं, तर टँकचं पाणी उलट ड्रममध्ये यायला लागतं आणि ड्रम ओसंडतो. नळी काठावर क्लॅम्प करा आणि टोक पाण्याच्या वर ठेवा.

सावधान: पाणी बदलताना खोली सोडायची नाही. दाराची बेल वाजली तर आधी पंप बंद, मग दार.

## टप्पा ८: स्किमर आणि चिलर

पंप थांबला की सम्पची पातळी चढते आणि स्किमर चालूच असेल तर कप उतू जातो. म्हणून स्किमर आणि रिटर्न दोन्ही एकाच स्विचवर घ्या. फीड मोडमध्ये (माशांना घालताना पंप थोडा वेळ थांबवण्याच्या सोयीत) फक्त रिटर्न थांबतो, तेव्हाही हेच होतं. औषध घातल्यावर किंवा कोरल चिकटवायला इपॉक्सी वापरल्यावर स्किमर वेड्यासारखा फेस करतो, ते एक-दोन दिवस स्किमरमधली पाण्याची पातळी खालीच ठेवा.

चिलरच्या नळ्यांना नायलॉनचे क्लॅम्प लावा, स्टीलचे खाऱ्या हवेत गंजतात. पावसाळ्यात थंड नळ्यांना घाम सुटून खाली थारोळं साचतं. घाबरून पाइप उघडण्याआधी त्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाका. क्षारता शून्याजवळ असेल तर नळ्यांचा घाम किंवा एटीओचं पाणी, ३५ च्या आसपास असेल तर टँकची गळती. मधलाच आकडा आला तर जुन्या मिठाच्या थरावर गोडं पाणी पडलं असण्याची शक्यता जास्त. जागा पुसा आणि तासाभराने पुन्हा बघा.

## टप्पा ९: वीज

एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या आत वर, बाजूच्या भिंतीला स्क्रूने बसवा. जमिनीवर कधीच नाही. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर काय घ्यायचं, हा प्रश्न नेहमी येतो. वेव्हमेकर घ्या, रिटर्न पंप नको. वेव्हमेकरने पृष्ठभाग हलत राहतो, माशांना ऑक्सिजन मिळतो आणि वरचं पाणी वर, खालचं खाली राहतं. जोडीला बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. तो टँकच्या पाण्याच्या रेघेपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बॅटरी संपल्यावर त्या बारीक नळीतूनही सायफन सुरू होतो.

पाण्याचा सेन्सर ट्रेमध्ये ठेवा, पण नुसता वाजणारा नको. घर बंद असेल आणि तुम्ही सीएसएमटीच्या लोकलमध्ये असाल तर वाजून उपयोग नाही. रिटर्न आणि एटीओ दोन्हीची वीज तोडणारा घ्या.

## टप्पा १०: तीन चाचण्या

सुट्टीच्या सकाळी, घरात दोघं असताना करा. बादल्या आणि टॉवेल जवळ हवेत.

१. रिटर्न आणि स्किमर बंद करा. पाणी उतरणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, साधारण पंधरा मिनिटं. सम्पची पातळी रेघेच्या खाली राहिली पाहिजे. मग चालू करून टँकची पातळी स्थिर होईपर्यंत बघत राहा. हे लागोपाठ तीनदा. तीनपैकी एकदा जरी सायफन उशिरा धरला तरी मुख्य पाइपचं टोक किंवा गेट व्हॉल्व्ह पुन्हा बसवा.

२. मुख्य ड्रेनचं तोंड झाका. आणीबाणीच्या एकट्या पाइपने पूर्ण फ्लो पेलला पाहिजे. पेलत नसेल तर पंपाचा वेग कमी करा.

३. एटीओ बंद करून दोन्ही ड्रेन झाका. एकाने काठाकडे बघायचं, दुसऱ्याने हात स्विचवर ठेवायचा. पंप हवा ओढायला लागला की लगेच बंद. पाणी काठापर्यंत आलं तर टप्पा तीनचा हिशेब चुकलाय, रिटर्न कप्प्यातलं पाणी कमी करा.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्यात वीज जायला लागते त्याआधी, या चाचण्या दरवर्षी पुन्हा करा. वर्षभरात रॉक वाढलेला असतो, नोझल सरकलेलं असतं, नवा पंप जास्त ताकदीचा घेतलेला असतो, आणि जुन्या रेघा खोट्या ठरतात.

## टप्पा ११: गणपतीला गावी जाताना

पाच-सात दिवस घर बंद. निघायच्या आदल्या रात्री पाणी बदलायचं, पाइप धुवायचे, नवीन रिअॅक्टर जोडायचा, ही सर्वात महागात पडणारी सवय आहे. जे काही उघडायचं ते निघण्याच्या चार-पाच दिवस आधी उघडा, म्हणजे गळती तुम्ही घरात असतानाच दिसेल. आरओचा नळ भिंतीपाशीच बंद करा. स्किमरमधली पाण्याची पातळी थोडी खाली करा, जास्त कोरडा फेस निघेल पण उतू जाणार नाही. एटीओच्या कॅनमध्ये मोजून तेवढ्या दिवसांचंच पाणी ठेवा.

किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल तर स्टँडच्या शटरवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा. त्यावर एवढंच हवं:

"फरशीवर पाणी दिसलं तर पाण्यात पाय न ठेवता दाराजवळच्या डीबीतला (विजेच्या पेटीतला) 'टँक' लिहिलेला खटका खाली करा. मग आम्हाला फोन करा. फोन लागेपर्यंत टँकवरचा निळा एअर पंप चालू करा. माशांना खायला घालू नका."

निघण्याआधी त्यांना एकदा तो खटका प्रत्यक्ष खाली करायला लावा. दाखवलेलं लक्षात राहत नाही, केलेलं राहतं.

## पाणी आलंच तर

आधी डीबीतून वीज बंद, मग टॉवेल. वीज तोडल्याशिवाय सम्पमध्ये हात नाही. लगेच खालच्या घरी जाऊन सांगा आणि त्यांच्या छताखालचे लाइट बंद करायला लावा. पाणी टिपून झाल्यावर फरशी दोनदा गोड्या पाण्याने पुसा, नाहीतर सांध्यांत मीठ राहतं. कारण सापडेपर्यंत रिटर्न सुरू करू नका. बोर्डात किंवा सॉकेटमध्ये ओल गेली असेल तर इलेक्ट्रिशियनने उघडून बघेपर्यंत त्यावर काहीही लावायचं नाही. तोवर टँकला बॅटरीचा एअर पंप लावून ठेवा आणि त्याच्या बॅटऱ्या बदलायला विसरू नका.